जुनी रेस कार रिस्टोअर करताना सुरुवात कुठून करायची आणि पहिल्या ट्रॅक टेस्टला काय बघतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, ५० वर्षं जुनी रेस कार पळण्यालायक करायची तर आधी हात कशाला लावायचा, आणि पहिल्यांदा ट्रॅकवर नेल्यावर नेमकं बघतात काय. मी मूळचा कोल्हापूरचा, लेथ शिकलो उद्यमनगरात, आता इंग्लंडमध्ये मिडलँड्सला अशाच गाड्या तयार करणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. तेव्हा जी गाडी रोज हाताखालून जाते तिच्यावरूनच सांगतो, फॉर्म्युला फोर्ड १६००, म्हणजे एकाच नियमांत बसणाऱ्या एकसीटर रेस गाड्यांचा क्लास.

हा क्लास १९६७ ला इंग्लंडमध्ये सुरू झाला, नवीन ड्रायव्हरांना परवडावा म्हणून. पाईपची चासी, पाठीमागे फोर्डचं साधं केंट इंजिन, विंग नाही, स्लिक (बिननक्षीचे गुळगुळीत) टायर नाहीत, वजन चारशे किलोच्या वर थोडं आणि पॉवर शंभर हॉर्सपॉवरच्या वर थोडी. पुढे फॉर्म्युला वनचा चॅम्पियन झालेला आयर्टन सेना १९८१ ला इंग्लंडमध्ये आला तो ह्याच क्लासात, व्हॅन डीमन कंपनीच्या गाडीत. ह्यात बराचसा माल रोडवरच्या गाड्यांचाच आहे, ह्यूलँड कंपनीच्या गिअरबॉक्सचं केसिंग फोक्सवॅगन बीटलवरून घेतलेलं, आणि बऱ्याच मेकमध्ये पुढची अपराइट (चाक धरणारा उभा पार्ट) ट्रायम्फ हेराल्डच्या खानदानातली. म्हणून स्पेअर अजून मिळतात आणि म्हणूनच लोक ह्या गाड्यांच्या नादाला लागतात.

आता काम. रंगापासून सुरुवात करू नका एवढं माझं ऐका. लोक आधी बॉडी रंगवायला टाकतात कारण फोटो झकास येतात, मग चासीत घोळ सापडतो आणि ती रंगवलेली बॉडी कोपऱ्यात धूळ खात पडते. आधी गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत उघडायची, फोटो काढत, पिशव्यांवर नावं टाकत. त्या काळी पाईपचे जोड बहुतेक ब्राँझ वेल्डिंगने (पाईप न वितळवता वरून पितळ भरून) करायचे, आणि नंतर कुणीतरी हौशी माणूस त्याच जोडावर टिग, म्हणजे स्टीलच वितळवणारं इलेक्ट्रिक वेल्डिंग, मारून ठेवतो, मग खालचं पितळ वितळून स्टीलच्या वेल्डमध्ये शिरतं, वरून जोड एकदम देखणा आणि आतून भरवसा शून्य. असला जोड साफ करून, लागलं तर पाईपचा तुकडा बदलून, परत ब्राँझनेच भरायचा. अजून एक, बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचं पाणी चासीच्या पाईपातूनच फिरवायचे, ते पाईप आतून कुजतात आणि बाहेरून टकाटक दिसतात, त्यामुळे प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सगळ्यात जास्त पैसे जिथे घालवायचे ती जागा म्हणजे क्रॅक टेस्ट. स्टब अॅक्सल (ज्यावर पुढचं चाक फिरतं तो छोटा दांडा), विशबोन (चाक आणि चासी जोडणारे सस्पेन्शनचे हात), स्टीअरिंग आर्म, जे जे चाक धरून ठेवतं ते सगळं. स्टीलच्या पार्टला मॅग्नेट लावतात, वरून लोखंडाची बारीक, यूव्हीत हिरवी चमकणारी पूड मिसळलेलं पातळ द्रावण ओततात आणि अंधारात यूव्ही दिव्याखाली बघतात, भेग असेल तिथे पूड गोळा होते. आमच्याकडे एक गाडी आली होती, सोबत आधीच्या विक्रेत्याची ‘फुल रिस्टोरेशन’ची जाडजूड फाईल. स्टब अॅक्सल हातात घेतला तर चकाचक, बोटाला काही लागत नव्हतं, आणि दिव्याखाली धरला तर जिथे जाड भाग संपून दांडा सुरू होतो बरोब्बर त्या गोलाईत केसाएवढी हिरवी रेघ, जवळपास अर्धा घेर. जोरात ब्रेक मारला असता तर चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. तेव्हा फाईलवर जाऊ नका, पार्ट नव्याने तपासून घ्या. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियमला मॅग्नेट चालत नाही, तिथे डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव. जुनी मॅग्नेशियमची चाकं मी तर सरळ भिंतीवर टांगायला सांगतो.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, केंट इंजिन समजायला सोपं आहे. फक्त प्लग काढून, ऑइल प्रेशर काट्यावर दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवा, मगच सुरू करा. आणि फ्युएलचे जुने रबरी पाईप सगळे बदला, इथल्या साध्या पेट्रोलमध्ये आता १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (भारतात तर २०), ते जुन्या रबराला खाऊन टाकतं.

टेस्टला मॅलरी पार्क मला आवडतं, छोटा ट्रॅक आहे, गाडी बंद पडली तरी ओढून आणायला लांब नाही. पहिल्यांदा मालकाला बसू देत नाही, मालकाला राग येतो पण चालतं, कारण मालक टाइम बघतो आणि आम्हाला काटे बघणारा माणूस पाहिजे असतो. एक लॅप, लगेच आत, कव्हर काढून टॉर्च मारून लीक बघायचं, चाकांचे नट परत टॉर्कला. मग ब्रेक पॅड हळूहळू तापवत बसवायचे. डॉग गिअरबॉक्स (ज्यात गिअर चौकोनी दातांनी, म्हणजे डॉगनी, थेट अडकतात) असल्यामुळे गिअर खटकन टाकायचा, हळुवारपणा केला की डॉगचे कोपरे झिजतात. मॅलरीला जेरार्ड्स नावाचं लांबच लांब उजवं वळण आहे, तिथे ऑइल एका बाजूला जातं आणि ऑइलच्या टाकीत काही गडबड असेल तर ऑइल प्रेशरचा काटा तिथेच पडतो, वर्कशॉपमध्ये कितीही रेस करा हे कळणार नाही. आत आल्या आल्या टायर गार व्हायच्या आत सुई टोचून आत, मधे, बाहेर टेंपरेचर घ्यायचं. मध्ये जास्त गरम म्हणजे हवा जास्त, आतली कड फारच गरम म्हणजे निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) जास्त. शेवटी फुल थ्रॉटलवरून इग्निशन बंद करून क्लच दाबून गडगडत आत यायचं आणि प्लग काढायचे, पांढरे असले तर मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, तसंच पळवलंत तर पिस्टन जाईल.

भारतातच करायचं असेल तर परदेशी गाडीच्या मागे लागू नका, जुनी फॉर्म्युला मारुती शोधा. कोइम्बतूरचे रेसर एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन टाकून बनवलेली ही रेस कार, तिथला करी मोटर स्पीडवे हा ट्रॅक त्यांच्याच नावाचा. इंजिनाचे पार्ट गल्लोगल्ली मिळतील, आणि चाकण-भोसरीत क्रॅक टेस्ट करून देणारेही मिळतील, ते रोज कंपन्यांचे क्रँकशाफ्ट तपासतात, तुमचे चार स्टब अॅक्सल मधेच उरकून देतील.