आजोबांच्या जुन्या फियाटमधला मूळ रेडिओ बंद पडलाय. दुरुस्त करावा की काढून ब्लूटूथचा सेट बसवावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाडी १९६७ ची फियाट ११०० डिलाइट, सेट ट्रान्झिस्टरचा, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. बटण फिरवल्यावर डायलचा दिवा लागतो, पण आवाज नाही. आणि मेकॅनिक म्हणतोय, डॅशबोर्डचा पत्रा थोडा कापून नवा सेट बसवू.

पत्रा कापू देऊ नका. बाकी सगळं पुन्हा पूर्ववत करता येतं, कापलेला पत्रा येत नाही. आमच्या घरच्या फियाटचा डॅशबोर्ड ऐंशीच्या दशकात कॅसेट प्लेअरसाठी एका दुकानात असाच कापला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारात चार-पाच चकरा मारल्यावर तसाच दुसरा पत्रा मिळाला. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी बनली, तिथेच तिचा तुकडा शोधत फिरायची वेळ आली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमचा सेट. दिवा लागतोय म्हणजे स्विचपर्यंत करंट येतोय. पण थेट बॅटरीवर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. सेट बाहेर काढा, टेबलावर ठेवा आणि १२ व्होल्टच्या वायरीत इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब मालिकेत जोडा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटेल आणि सेट वाचेल. बल्ब मंद राहिला तर पुढे जायला हरकत नाही. तुमच्या फियाटला बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला असतं, पण त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थिंग, म्हणजे पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. सेट दुसऱ्या गाडीतून आलेला असू शकतो, म्हणून सेटच्या मागची माहितीची पट्टी वाचल्याशिवाय वायर लावू नका. आणि स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीच चालू करू नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

स्पीकरपासून सुरुवात करा, कारण पन्नास-साठ वर्षांत कागदी कोन फाटतो किंवा कॉइल तुटते. दुसरा चांगला स्पीकर लावून बघा, मात्र ओहम तेवढेच हवेत. मग व्हॉल्यूम पूर्ण वाढवून व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा. कटकट किंवा घूं असा आवाज आला तर मागचा अर्धा सेट ठीक आहे, दोष रेडिओच्या, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या भागात. काहीच आलं नाही तर आवाजाच्या भागात.

आवाजाच्या भागात माझा पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर. ते आतून सुकतात. एकेक तपासत बसण्यापेक्षा सगळेच बदला, खर्च किरकोळ आहे. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतील. मूळ १० व्होल्टचा असेल तर १६ किंवा २५ चा चालतो, टोकं मात्र उलटी लावू नका. त्या काळच्या सेटमध्ये बऱ्याचदा कंडेन्सरचं प्लस टोक सेटच्या बॉडीला असतं आणि हात सवयीने चुकतो.

दोष रेडिओच्या भागात असेल तर ट्रान्झिस्टरवरचे नंबर वाचा. एएफ ११४ ते एएफ ११७ पैकी काही दिसलं तर चोर बहुतेक सापडला. या मालिकेचा रोग असा की धातूच्या डबीच्या आत कथिलाचे केसासारखे बारीक तंतू उगवतात आणि आतल्या तारांना डबीशी जोडून टाकतात. चार पायांपैकी एक डबीचा, म्हणजे अर्थिंगचा असतो. मल्टीमीटरने तो पाय आणि बाकीचे तीन यांच्यात बघा, जोड दाखवता कामा नये. दाखवलाच तर तो अर्थिंगचा पाय कापा. बरेचदा एवढ्यावर सेट बोलू लागतो. असा मुका सेट एकदम सळसळायला लागतो ना, तो क्षण मला फार प्रिय आहे.

स्टेशन लावायचा काटा जड झाला असेल तर जोर लावू नका. गाडीच्या सेटमध्ये हादऱ्यांनी स्टेशन हलू नये म्हणून बहुधा फेराइटच्या कांड्या कॉइलमधून आतबाहेर सरकवलेल्या असतात. जुनं ग्रीस दगडासारखं होतं आणि ताकद लावली की कांडी मोडते. स्पिरिटने ग्रीस काढा, थेंबभर नवं तेल घाला.

आता ब्लूटूथ. तुमची ही इच्छा चुकीची नाही. मीडियम वेव्हवर ऐकण्यासारखं कमी होत चाललंय आणि या सेटला एफएम नाही. तरी दोन्ही एकत्र नांदतात. व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला डिटेक्टरकडून, म्हणजे रेडिओच्या भागाकडून येणारी वायर सोडवा, तिथे एक छोटा दोन बाजूंचा स्विच घाला: एकीकडे रेडिओ, दुसरीकडे ब्लूटूथचं मॉड्यूल. स्विच डॅशबोर्डखाली लपवा. मॉड्यूलचे डावा-उजवा आवाज थेट एकत्र जोडू नका, प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मगच जोडा. आवाजाच्या वाटेत १:१ चा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका, नाहीतर अर्थिंगमुळे इंजिनची शिटी स्पीकरमध्ये येते. मॉड्यूलला ५ व्होल्ट देताना स्वस्त स्विचिंग कन्व्हर्टर टाळा, मीडियम वेव्हवर त्याची खरखर भरते. साधा ७८०५ आयसी पुरतो. असं केल्यावर तोच डायल, तीच बटणं, आवाजही त्याच सेटमधून. हवं तेव्हा तासाभरात सगळं मूळ स्थितीला येतं.

सेटचं सगळं आतलं काढून नवा बोर्ड घालणारेही आहेत. माझ्या मते तो मार्ग फक्त सडलेल्या, पाण्यात भिजलेल्या सेटसाठी. तुमचा तसा नाही.

गाडीत बसवल्यावर इंजिन चालू होताच खरखर येईल, त्याला रेडिओचा दोष समजू नका. गतीबरोबर चढत जाणारी शिटी डायनामोची. त्याच्या जाड वायरीच्या टर्मिनलला आणि बॉडीला मिळून १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. बारीक वायरीच्या, म्हणजे फील्डच्या टर्मिनलला लावू नका. टकटक येत असेल तर ती प्लगची. इग्निशन कॉइलच्या ज्या टोकाला चावीकडून वायर येते तिथे कंडेन्सर लावा, डेल्कोकडे (डिस्ट्रिब्युटरकडे) जाणाऱ्या टोकाला नाही. प्लगच्या टोप्या रेझिस्टरच्या घ्या. इंजिन ते बॉडी अर्थिंगची विणलेली पट्टी गंजली असेल तर आधी तीच बदला, निम्मा त्रास तिथेच संपतो.

शेवटचं काम एरियलचं. केबल गाडीच्या रेडिओचीच घ्या, टीव्हीची चालत नाही, तिच्या कपॅसिटन्समुळे मीडियम वेव्ह दबते. एरियल पूर्ण वर काढा, काटा १४०० किलोहर्ट्झच्या आसपास आणा, आणि एरियलच्या खाचेजवळचा छोटा ट्रिमर स्क्रू आवाज सर्वात मोठा होईपर्यंत हलकेच फिरवा. मग काटा डावीकडे न्या. पुण्यात असाल तर आकाशवाणीच्या ७९२ वर, मुंबईत ५५८ वर थांबून बघा.

सेट उघडलात की आतला फोटो आणि ट्रान्झिस्टरचे नंबर इथे टाका. कुठला पाय कापायचा ते खूण करून दाखवतो.