दगडी बरी होऊन पुन्हा उलटत असेल तर

दादा, तुम्ही लिहिलंय की गाय एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), तिसऱ्या वेताची, व्यायली त्याला तीन आठवडे झाले. मागचं उजवं सड सुजलं, दुधात गाठी आल्या. हीच दगडी, म्हणजे जंतू शिरून कासेला येणारी सूज. मेडिकलमधून सडात सोडायची अँटिबायोटिकची ट्यूब आणून दोन दिवस सोडली, दूध पांढरं दिसलं म्हणून बंद केली आणि आठवड्याभरात परत तेच. आता याहून जोराची ट्यूब कोणती, असं विचारताय. ट्यूबचं नाव मी सांगणार नाही. कासेत कोणता जंतू आहे ते कळल्याशिवाय जोराची ट्यूब म्हणजे नुसता खर्च.

अशी उलटणारी दगडी बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस ऑरियसची असते. हा जंतू कासेच्या आतल्या घट्ट झालेल्या मांसात दडून बसतो, तिथे औषध नीट पोचत नाही. दूध साफ दिसलं तरी तो आतच असतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स दूध पांढरं झालं तरी पुरा करायचा. पण त्याआधी दुधाची तपासणी करून घ्या. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या चार धारा सोडून द्या, पुढची धार निर्जंतुक बाटलीत घ्या आणि बर्फात ठेवून लगेच पोचवा. नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीचा हवा. पुण्यात औंधला पशुसंवर्धनाचा रोग अन्वेषण विभाग आहे. तुमच्या जवळची सोय तालुक्याचे डॉक्टर सांगतील. कोणतं औषध लागू पडतं ते त्या अहवालात येतं.

ट्यूब सोडताना सड पूर्ण पिळून रिकामं करा, टोक स्पिरिटने पुसा आणि नळीचं फक्त टोक आत घाला. अख्खी नळी खुपसली की सडाच्या आतलं अस्तर दुखावतं आणि बाहेरची घाण आत ढकलली जाते. एक ट्यूब दोन सडांत वाटून तर कधीच नको. औषध चालू असताना आणि नंतर पाकिटावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. ते लोकांच्या पोरांच्या पोटात जातं.

गाय तापली, कान गार पडले, चारा सोडून बसली, दूध पिवळ्या पाण्यासारखं आलं किंवा सड निळं-काळं पडून थंड लागलं, तर सकाळची वाट बघू नका. त्यात गाय तासांत हातची जाते. डॉक्टर येत नसतील तर 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप सुरुवातीच्या साध्या सुजेला लावायला माझी ना नाही, पण अशा गाईला लेपावर ठेवू नका.

आता गोठ्याकडे या, कारण दगडी बहुतेक वेळा धारेच्या आगेमागेच आत शिरते. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली की झालं. म्हणून वैरण धारेनंतर टाका, म्हणजे ती खात उभी राहील. धार संपल्या संपल्या प्रत्येक सड ग्लिसरीन घातलेल्या पोव्हिडोन आयोडीनच्या डिप कपात बुडवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय मला हाच वाटतो, आणि तोच लोक टाळतात. धारेआधी कास धुतली तर कोरडीही करा, प्रत्येक गाईला वेगळं फडकं घ्या. पहिल्या धारा जमिनीवर न सोडता काळ्या ताटलीत घ्या, बारीक कण तिथे लगेच दिसतात. अंगठा मुडपून धार काढत असाल तर ती सवय मोडा. त्या हाडाने सड आतून चेचतं. पूर्ण मुठीने काढा. आजारी गाय सगळ्यात शेवटी पिळा, मशीन असेल तरीही.

बाकीच्या गाईंचीही चाचणी करा. सूज नाही, गाठी नाहीत, पण एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) 8.5 टक्क्यांना बसत नाही, दूध हळूहळू उतरतंय, अशा गाईत सुप्त दगडी असू शकते. सीएमटीचं (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे दगडी ओळखायची गोठ्यातली चाचणी) द्रावण आणि चार खणांची ताटली आणून दर महिन्याला प्रत्येक सडाचं दूध वेगळं बघा. घट्ट, जेलीसारखं झालं की ते सड दूषित. द्रावण नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचं 3 टक्क्यांचं पाणी तेवढ्याच दुधात मिसळूनही अंदाज येतो.

आटवताना पुढच्या वेताच्या साधारण 60 दिवस आधी शेवटची धार पूर्ण काढून चारही सडांत भाकड काळाची ट्यूब डॉक्टरांकडून सोडून घ्या. दुधाच्या काळात न हटलेला जंतू पुष्कळदा तेव्हा हटतो. एवढं करूनही हेच सड पुन्हा उठलं आणि हाताला दगडासारखं लागलं, तर ते कायमचं आटवायचं की गाय गोठ्यातून काढायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. काढायची ठरली तर घेणाऱ्याला सडाचं खरं सांगा, नाहीतर तिच्याबरोबर हा जंतू त्याच्या गोठ्यात जाईल.