पट्टी साडीखाली दिसली तर दिसू द्या

चोपडा तालुक्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, त्यातील मुख्य भाग असा:

«ताई, माझे वय ४६. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले. औषधे नियमित चालू आहेत. गेल्या दीड वर्षापासून उजवे पाऊल उचललेच जात नाही. चालता चालता चप्पल निघून मागे राहते आणि मला ते आठ-दहा पावलांनंतर कळते. वर्गाच्या उंबऱ्याला अडखळून दोनदा पडले. डॉक्टरांनी माप घेऊन पाऊल वर धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी करून दिली, पण ती कपाटातच आहे. सासूबाई म्हणतात, पट्टी लावली की पाय आळशी होतो, आणि लोक लंगडी म्हणतील ते वेगळेच. त्यात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी लेकीला बघायला पाहुणे येणार आहेत. ते असेपर्यंत मी खुर्चीवरून उठायचे नाही, असे घरात ठरले आहे. मलाही आधी ते पटले होते. आता रात्री झोप लागत नाही.»

प्रिय भगिनी,

चप्पल मागे राहते आणि आठ-दहा पावलांनंतर कळते, हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. पाऊल उचलत नाही एवढीच ही गोष्ट नाही, पायाची जाणीवही कमी झाली आहे, हे त्यातून कळते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पाहुण्यांसमोर खुर्चीवर बसून राहू की पट्टी लावून उठू, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पाहुण्यांसमोर खुर्चीला खिळून बसू नका. पट्टी लावा, पाहुण्यांसमोर लावा आणि त्यासाठी त्या दिवसाची वाट न पाहता उद्यापासूनच लावा, कारण पट्टी घालून चालण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

तुमच्या घरातील मंडळींना हा आजार नेमका काय करतो हे कोणी नीट समजावून सांगितले असेल, असे पत्रावरून वाटत नाही. पाऊल वर उचलणारा स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो. मेंदूतून निघालेला हुकूम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमार्गे त्याच्यापर्यंत पोहोचतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण खरवडून काढते आणि मग हुकूम वाटेत मंदावतो किंवा पोहोचतच नाही. तुमचे यजमान केळीचे बागायतदार आहेत, तेव्हा त्यांना हे असे सांगा: विहिरीवरची मोटार चांगली आहे, पण वायर जागोजागी सोलली गेली आहे, सकाळी मोटार पाणी ओढते, आणि दुपारी भार वाढला की नुसती घरघरते. सकाळच्या परिपाठाला तुम्ही बऱ्यापैकी चालता आणि मधल्या सुट्टीपर्यंत पाऊल जमिनीला घासू लागते, याचे कारण हेच आहे. «सकाळी तर धड होत्या, आता काय झाले?» असे तुमच्या एका सहकाऱ्याने सर्वांसमोर विचारल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यांना कळत नसेल, पण ते बोलणे अन्यायाचे होते. तुम्ही नाटक करत नाही. थकव्याने पाऊल पडणे, म्हणजे ते उचलले न जाता खाली लोंबणे, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे आणि त्याची लाज तुम्ही बाळगण्याचे काहीही कारण नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. पट्टीने पाय आळशी होतो, ही समजूत खानदेशातच नव्हे तर सगळीकडे आहे आणि ती वाईट हेतूने सांगितली जात नाही. परंतु तुमचा स्नायू आळसाने थांबलेला नाही, त्याला निरोपच मिळत नाही. पट्टी लावली नाही म्हणून तो निरोप मिळू लागणार नाही. उलट पाऊल जमिनीला लागू नये म्हणून तुम्ही नकळत उजवी कंबर वर उचलता आणि पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकता. संध्याकाळी कंबर भरून येते असे तुम्ही लिहिले आहे, ते बहुधा यामुळेच. दर पावलाला दुप्पट कष्ट पडत असतील तर आधीच अपुरी असलेली शक्ती दुपारपर्यंत संपणारच. पट्टी पाऊल काटकोनात धरून ठेवते आणि ती वाचलेली शक्ती तुम्हाला दिवसभर पुरते. स्नायूंचा व्यायाम पट्टी काढून, घरी, वेगळा करायचा असतो. पाय लांब करून बसावे, चवड्याभोवती ओढणी अडकवून पाऊल आपल्याकडे ओढावे, पोटरीला ताण बसला की अर्धा मिनिट तसेच धरावे. ही पोटरी आखडू देऊ नका. ती आखडली तर पट्टीही नीट बसत नाही.

माझ्या एका मावशीला लहानपणी पोलिओ झाला होता. अमळनेरला तिच्या घरी आम्ही सुट्टीत जात असू, तेव्हा ती रोज सकाळी ओट्यावर बसून कॅलिपर चढवत असे. आधी सुती मोजा, त्यावर सुरकुती राहू नये म्हणून दोन्ही हातांनी खालून वर ओढलेला, मग लोखंडी सळ्या, मग चामड्याचे पट्टे, आणि शेवटचे बक्कल लावल्याचा कट्ट असा आवाज. गल्लीतून येणारे-जाणारे पाहत, ती त्यांच्याशी बोलत बोलतच बक्कल लावी. तिला कोणी लंगडी म्हटले नसेल असे मी म्हणणार नाही. पण त्या कॅलिपरवर तिने बाजार केला, कानबाईच्या विसर्जनाला गेली, तीन मुलांची शाळा केली. तिच्या काळी ते जड लोखंड होते. तुमची पट्टी हलक्या प्लास्टिकची आहे.

ती पट्टी कपाटातून काढल्यावर मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. ती चपलेत बसत नाही. टाच धरून ठेवणारा, बंद किंवा पट्ट्याचा बूट लागतो, तोही नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठा आणि आतले सुटे अस्तर काढलेला. आत सुती मोजा हवाच. पहिल्या दिवशी तासभर लावा, मग थोडे थोडे वाढवा. दरवेळी काढल्यावर घोटा, टाच, पावलाच्या दोन्ही कडा आणि बोटे डोळ्यांनी तपासा, कारण तुमच्या पायाला दुखणे नीट कळत नाही. पट्टी काढून वीस-पंचवीस मिनिटे झाली तरी लाली जात नसेल, तर ती ज्यांनी बनवली त्यांच्याकडे नेऊन घासून घ्या; तोवर लावू नका. आणि जोडवी. बंद बुटात जोडवे शेजारच्या बोटात रुतते आणि बधिर बोटाला जखम झाली तरी कळत नाही. उजव्या पायातील जोडवी काढून ठेवा. सासूबाईंना वाईट वाटेल हे मी जाणते, म्हणून त्यांना आधी विश्वासात घ्या, डाव्या पायात तशीच राहू द्या. घरात पादत्राण चालत नसेल तर घरात वापरण्यासाठी दुसरा स्वच्छ जोड ठेवा. तुमचे पडणे घरातल्या उंबऱ्यांवरही होऊ शकते. साडीच्या निऱ्या दोन बोटे वर खोचा, चवड्याखाली येणारी निरी उंबऱ्याइतकीच घातक असते.

काठीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. शाळेतून परतताना लागली तर काठी डाव्या हातात, म्हणजे अशक्त पायाच्या विरुद्ध बाजूला धरायची. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणून टाकून देतात. पायऱ्या चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी.

न्यूरॉलॉजिस्टकडे शेवटचे कधी गेलात, हे पत्रात नाही. आखाजीची वाट न पाहता जाऊन या. पाऊल पडण्याचे कारण मल्टिपल स्क्लेरोसिसच आहे ना, हे एकदा पक्के करून घेतलेले बरे, कारण कमरेतील मणक्याची गादी सरकल्यानेही असे होते, आणि मांडी घालून किंवा उकिडवे तासन्तास बसल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली जाऊनही होते. चालण्याचा वेग वाढवणारे फॅम्प्रिडीन नावाचे औषध काही रुग्णांना उपयोगी पडते, परंतु ज्यांना कधी फिट आली आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना ते देत नाहीत. स्नायू ताठत असतील तर बॅक्लोफेन देतात. गुडघ्याजवळच्या नसेला हलका विजेचा झटका देऊन पाऊल उचलायला लावणारे यंत्रही असते. तुमच्यासाठी यांपैकी काय योग्य, ते तपासूनच ठरेल. अचानक नवी कमजोरी आली आणि ताप नसताना एक दिवसाहून अधिक टिकली तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर आधी तो संसर्ग शोधावा लागतो, कारण नुसत्या संसर्गानेही जुनी लक्षणे उफाळून येतात.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल वेगळे लिहायलाच हवे. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी आवरण गेलेल्या तंतूंमधून निरोप जाणे आणखी मंदावते. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म उहथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये नोंदवले आणि उष्णतेने होणारा हा त्रास आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा तुमचे पाऊल अधिक पडणार, हे धरूनच चाला. आजार वाढला म्हणून घाबरू नका, थंडाव्यात बसल्यावर ते पुन्हा पूर्ववत होते. ओला पंचा मानेभोवती ठेवा, बाहेरची कामे सकाळी नऊच्या आत उरका, कूलरसमोर अर्धा तास बसल्याशिवाय दुपारी चालू नका. «अंगावरून वारे गेले» असे समजून ज्या वैदूंकडे तुम्हाला वाफ घ्यायला नेले होते, तिथे पुन्हा जाऊ नका. वाफेनंतर दोन्ही पाय गळाल्याचे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. साध्या तेलाने हलके चोळायला हरकत नाही.

नोकरी जाईल ही तुमची भीती मात्र मनातून काढून टाका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम २० सांगते. ऑनलाइन अर्ज करून शासकीय रुग्णालयातून तपासणी करून घ्या आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढा. मग तळमजल्यावरचा, प्रसाधनगृहाजवळचा वर्ग लेखी अर्जाने मागा. तोंडी विनंती कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि आता पाहुणे. तुमच्या घरातील खरी भीती «आईला आहे म्हणजे मुलीलाही होईल» ही आहे, पत्रात ती शब्दांत आलेली नाही एवढेच. हा आजार सरळ आईकडून लेकीकडे उतरत नाही. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर अपत्याला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन-तीन असते, म्हणजे शंभरांतल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवांना होत नाही. हा आकडा पाहुण्यांना तुम्ही स्वतः सांगा. तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत तर बैठक पार पडेल, पण साखरपुड्यात, हळदीत, लग्नात तुम्हाला चालावेच लागेल, आणि त्या वेळी «आमच्यापासून लपवले» हे वाक्य तुमच्या लेकीला सासरी ऐकावे लागेल. त्या बोलण्याचा जाच तुमच्या चालीपेक्षा कितीतरी अधिक असेल. जे घर आईच्या पट्टीमुळे माघारी फिरते, ते लेक द्यावी असे घर नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या लेकीचेही तेच असेल असे मला वाटते. पण घरात काय ठरले हे तुम्ही लिहिले, लेकीला काय वाटते हे कुठेच लिहिले नाही. आज रात्री तिला विचारा.

त्या दिवशी कोणी आजीबाई तोंडावरच «तुना पायले काय व्हयनं व?» असे विचारतील. त्यात बहुतेक वेळा आपुलकीच असते. «नसांचा आजार आहे, पाऊल उचलत नाही, म्हणून पट्टी लावते, शाळेत रोज जाते,» एवढे सांगितले की पुरे. उठा, दारापर्यंत जाऊन त्यांना घरात घ्या. फक्त चहाचा ट्रे लेकीच्या किंवा तिच्या वडिलांच्या हाती द्या. उंबरा ओलांडताना तुमचा एक हात चौकटीला धरायला मोकळा हवा.

तुमची,
ताई