कडा घोटायचा कतिरा

अथणी-निपाणीकडे चप्पलकाम शिकायला बसलात, तर चामड्याच्या कडा घोटायला कतिरा डिंक जवळ ठेवा. खरा कतिरा इराणकडच्या कोरड्या डोंगरांतल्या काटेरी झुडपांचा. खोडा-मुळाला चीर दिली की रस पट्टीसारखा वळून सुकतो. बाजारात कांडोळीचा डिंकही कतिरा म्हणूनच देतात, त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. हुंगूनच घ्या.

बाभळीचा डिंक विरघळतो, कतिरा बराचसा नुसता फुगतो. घाई चालत नाही. 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम पूड पुरे. थेट पाण्यात टाकलीत तर गुठळ्या होतात, बाहेरून चिकट नि आत कोरड्या. आधी चमचाभर स्पिरिटमध्ये कालवा (चुलीपासून लांब!), मग पाणी घालून ढवळा, रात्रभर ठेवून फडक्यातून गाळा.

रंग आधी, डिंक नंतर. डिंकाचा थर बसला की रंग आत मुरत नाही. कड घासा, जेमतेम ओलवा, बोटाने पातळ थर द्या, चिकटपणा ओसरू लागला की गुळगुळीत लाकडाने चकाकी येईपर्यंत झरझर घोटा. जास्त ओली कड दबून मुडपते. बाभूळ-हिरड्याने कमावलेल्या चामड्यावरच हे साधतं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर मेहनत वाया जाते. उरलेला डिंक उन्हाळ्यात लवकर आंबतो, थोडाच करा.