सासऱ्यांना कोळंबी सोसत नाही, म्हणून नातीचेही मासे बंद?

ताई, तुमच्या आजेसासूबाईंना आणि सासऱ्यांना कोळंबीने गांधी उठतात, नवऱ्याला धुळीने धाप लागते, म्हणून आठ महिन्यांच्या लेकीला मासे द्यायचेच नाहीत, असं घरात ठरत आलंय म्हणता. एवढ्यात ठरवू नका.

"सुंगटां (कोळंबी) आमच्या घराण्याक सोसणत नाय" हे मीही मालवणात लहानपणापासून ऐकलंय. वडिलांचे ओठ सुजायचे, मला दमा, मुलाला तान्हेपणी कोपराच्या लवणीत इसब. पण कोळंबी मी आणि तो दोघंही चापतो. पिढीतून उतरते ती ॲलर्जीकडे झुकणारी प्रकृती. कुणाला ती कातडीवर निघते, कुणाला छातीत, कुणाला ताटात. तुमच्या लेकीला धोका इतरांपेक्षा जास्त आहे खरा, पण तो कोळंबीचाच असेल असं नाही.

आधी सासऱ्यांना नीट विचारा: नेमकं काय खाल्लं होतं, किती वेळात त्रास झाला, त्या पंगतीत आणखी कुणाला झाला? हे विचारायला मी एका मे महिन्यात शिकलो. बांगड्याचं तिखलं जेवलो आणि अर्ध्या तासात पाच जणांची तोंडं लालबुंद, डोकी ठणकायला लागली. आई सगळ्यांच्या अंगाला कोकम सोलांचं आगळ चोळत "घराण्याचोच दोष" म्हणत होती. पण लाल झालेल्यांत भावोजीही होते आणि त्यांचं घराणं रत्नागिरीचं! बर्फाविना तापलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात, ते शिजवूनही जात नाही. ती विषबाधा होती. आमच्या घरात उगाच वर्षभर बांगडा बंद राहिला.

कोळंबीचं खरं दुखणं वेगळं. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळूनही टिकतं, त्यामुळे जवळा भाजतानाच्या वाफेनेही काहींना त्रास होतो. कुर्ल्यांतही तेच प्रथिन आहे, आणि धुळीतल्या बारीक किड्यांतलं त्याच्याशी मिळतंजुळतं आहे. म्हणून तुमच्या नवऱ्याची धूळ आणि सासऱ्यांची कोळंबी अगदीच परकी नाहीत. सुरमई-बांगड्याची ॲलर्जी मात्र दुसऱ्याच प्रथिनाची, त्यामुळे कोळंबी न सोसणारे बरेच जण सुरमई सुखाने खातात.

लेकीला इसब असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नसेल तर काटे नीट काढलेला ताजा मासा, सकाळच्या वेळी, नखाएवढा, एका वेळी एकच नवा. उशीर केल्याने ॲलर्जी टळते असं दिसलेलं नाही. घरात सगळ्यांची रक्ततपासणी सरसकट करून घेऊ नका. आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रतिपिंड, वाढलेलं दिसलं तरी ते खाऊन त्रास होईलच असं नाही, आणि अशा कागदावरून लोक अर्धा बाजार सोडतात.

सासऱ्यांना कधी गांधींबरोबर श्वास लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली असेल, तर मात्र घरी चाखून बघणं नाही. त्यावर आगळ पुरत नाही. मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. गावातल्या दवाखान्यात ते ठेवलेलं असतं का, हे आजच विचारून या.