वर्कअप झाला म्हणजे यादीत नाव लागलं असं नाही

दादा, तुम्ही लिहिलंय की वहिनींचं हृदय मोठं झालंय, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते) १५ टक्के आहे, मुंबईत हृदय ट्रान्सप्लांटचा वर्कअप, म्हणजे आधीच्या सगळ्या तपासण्या, झाला आणि 'फोनची वाट बघा' म्हणून चोपड्याला परत पाठवलं. आमच्या धाकट्या भावाचं अगदी असंच झालं होतं, म्हणून एवढं लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

उद्या सकाळी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला फोन लावा आणि झेडटीसीसीचा (अवयवांची प्रतीक्षा यादी सांभाळणारी संस्था) नोंदणी क्रमांक मागा. तोंडी नको, लेखी. आम्हाला खिडकीवरून दर वेळी 'नाव गेलंय' एवढंच सांगत होते. फाइल त्यांच्याच कपाटात होती, कारण दाताच्या डॉक्टरचा दाखला लागलेला नव्हता. एक फोन केला असता तर तो आम्ही जळगावातून त्याच दिवशी आणला असता! (दात का, तर ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात, तेव्हा दाढेतला पू जिवावर बेतू शकतो.)

तोवर राइट हार्ट कॅथचा (नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचा आणि फुफ्फुसातला दाब मोजतात ती तपासणी) रिपोर्ट जुना झाला. पुन्हा केला तर फुफ्फुसातला दाब वाढलेला. नव्या हृदयाच्या उजव्या बाजूला एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायची सवय नसते, ते ऑपरेशननंतर लगेच निकामी होऊ शकतं, म्हणून दाब औषधांनी उतरतो का हे आधी बघतात. भावाला आयसीयूत ठेवून तो उतरवला, मगच नाव लागलं. ज्या कार्यालयाच्या आळसाने हे झालं त्याचं नाव इथे घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. म्हणून प्रत्येक रिपोर्टची तारीख वहीत लिहा आणि कोणता पुन्हा लागेल हे तुम्हीच विचारत राहा.

वहिनींना मुलं झालेली असतील तर पीआरए, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी, नीट समजून घ्या. बाळंतपणात आणि बाहेरचं रक्त चढवल्यावर अँटिबॉडी तयार होऊ शकतात, मग जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं. गावाकडे कुणी 'हिमोग्लोबिन कमी आहे, बाटली लावू' म्हणालं तर, जीव धोक्यात नसेल तर, आधी सेंटरला विचारायला लावा.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: नाव लागल्यावर चोपड्यात थांबू नका. काढलेलं हृदय साधारण ४ तासांत बसवावं लागतं, रात्रीच्या गाडीची वाट बघायला वेळ नसतो. हॉस्पिटलजवळ खोली घ्या. मानसोपचारतज्ज्ञ 'सोबत कोण राहणार' विचारतील तेव्हा खरं तेच सांगा, कारण नंतरच्या गोळ्या आणि बायोप्सीच्या (नव्या हृदयाचा तुकडा काढून तपासतात त्या) तारखा त्याच माणसाला सांभाळायच्या असतात.

शेत विकायची घाई करू नका. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर खर्चाचं अंदाजपत्रक घ्या, मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान निधी दोन्हीकडे अर्ज टाका. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर निर्धन आणि दुर्बल रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. अवयवाचे पैसे कुणी मागितले तर तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि आपल्याकडे घरोघरी केळी. केळ्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन (हृदयासाठी देतात ती गोळी) चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, पुढे टॅक्रोलिमसनेही (ट्रान्सप्लांटनंतरचं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) वाढतं. केळी किती चालतील हे आहारतज्ज्ञांना विचारा. पापड-बिबडे मात्र मिठामुळे आजपासूनच बंद. नोंदणी क्रमांक मिळाला की इथे कळवा, पुढचं सांगतो.