पायांची आग होते, रिपोर्ट मात्र नॉर्मल

प्रश्न : यजमानांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री तळपायांची आग होते, पायाला चादरही सहन होत नाही. नर्व्ह कंडक्शनचा रिपोर्ट मात्र नॉर्मल आला. नेरूळला फार्मसी शिकणारी भाची म्हणते, प्रयोगशाळेत उंदरांच्या तळव्याच्या कातडीतल्या नसा मोजतात. हे खरं का? आणि यांचा रिपोर्ट नॉर्मल कसा?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : ताई, भाची सांगते ते खरं आहे. महापेच्या एका प्रयोगशाळेत २२ वर्षं मी अशा कातडीचेच पातळ काप काढले.

आधी यजमानांचं. नर्व्ह कंडक्शनच्या तपासणीत विजेचा झटका देऊन जाड नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते पाहतात. आग, चटका, टोचणं हे कळतं बारीक नसांमुळे, आणि मधुमेहात बऱ्याचदा आधी त्याच झडतात. त्या या तपासणीत दिसतच नाहीत. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही. ‘मनाचे खेळ आहेत’ असं कुणी म्हणालं, तर ऐकून घेऊ नका.

आता उंदरांचं. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचलं की स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि उंदराला मधुमेह होतो. पॅक्लिटॅक्सेलसारखं कर्करोगाचं औषध देऊनही नसा बिघडवता येतात. मग मागच्या पायाच्या तळव्याचा छोटा तुकडा घ्यायचा. झाम्बोनीच्या पिवळ्या द्रावणात तो पक्का करायचा, नंतर साखरेच्या पाण्यात ठेवायचा. तुकडा तळाला बसला की तयार झाला, गोठवून काप काढायचे. नसांमधल्या पीजीपी ९.५ या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावली की सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नसा उजळतात. खालच्या थरातून वर कातडीच्या बाहेरच्या थरात चढताना दिसतात.

खरी कसोटी मोजण्यात आहे. दोन थरांमधली सीमा ओलांडणारी नस तेवढी धरायची. ओलांडल्यावर तिला फाटे फुटले तरी ती एकच. वरच्या थरात सुटा तुकडा दिसला तर सोडून द्यायचा. मग बेरजेला कातडीच्या लांबीने भागायचं, म्हणजे मिलिमीटरमागे किती नसा ते कळतं.

एकदा आमच्याकडे स्लाइडवर गटांची नावंच लिहून आली. नसा वाचवण्यासाठीचं औषध ज्या उंदरांना दिलं होतं, त्या गटात मला नसा भरपूर दिसल्या. नावं झाकून, नुसते आकडे टाकून पुन्हा मोजल्या, तर तेवढ्या नव्हत्या. डोळ्यांना हवं ते दिसतं, ताई. त्या दिवसापासून चिठ्ठी झाकल्याशिवाय मी एकही स्लाइड पाहिली नाही. ज्या जनावराचा जीव जातो, त्याची मोजणी तरी खरी व्हायला हवी.

माणसांतही हेच करतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, १० सेंटिमीटर वर, जागा बधिर करून ३ मिलिमीटरचा तुकडा काढतात; हीच स्किन बायॉप्सी. वयाबरोबर नसा कमी होतात, म्हणून आकडा त्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून पाहतात. नसा जितक्या कमी तितकं दुखणं जास्त, असा सरळ हिशोब मात्र नाही.

न्यूरॉलॉजिस्टना ‘स्किन बायॉप्सीची गरज आहे का’ असं स्पष्ट विचारा. यजमान मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर बी १२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. त्या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि नसांना त्याचाही त्रास होतो. आणि रोज रात्री त्यांचे तळवे तुम्ही स्वतः उजेडात पाहा, आग होत असली तरी जखम झालेली त्यांना कळेलच असं नाही.